‘आठला या’ म्हणजे नेमके किती वाजता?

फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींना व्याकरण येते, पण ‘हे करावंच लागेल का?’ आणि ‘किती उशीर चालेल?’ हे दोन साधे प्रश्न विचारताना त्यांची जीभ अडते. या प्रश्नांची निम्मी उत्तरे घरातल्या मराठीतच आहेत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता बीरगाव येते. एकेकाळचे हे गाव आता महानगरपालिकेचे शहर झाले आहे. शेजारी उरला औद्योगिक वसाहत, थोडे पुढे सिलतरा. इथले आयुष्य पाळीच्या भोंग्यावर चालते. सहाची पाळी म्हणजे सहाचीच. पाच मिनिटे उशिरा पोहोचणाऱ्याला फाटकावरचा माणूस काय म्हणतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण त्याच घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर ‘स्वागत समारंभ सायंकाळी सात वाजता’ असे छापलेले असते, तेव्हा सातला कोणी घरातून निघतसुद्धा नाही. म्हणजे एकाच घरात दोन घड्याळे चालतात आणि कोणते कधी पाहायचे, हे लहानपणापासून न शिकवता कळते.

परदेशात गेल्यावर नेमके हेच न शिकवलेले ज्ञान कमी पडते.

छत्तीसगडला फ्रेंच नाव तसे परके नाही. लाफार्ज या फ्रेंच सिमेंट कंपनीने १९९९ मध्ये टाटा स्टीलचा सिमेंट व्यवसाय घेतला, तेव्हा त्यात बलौदाबाजारजवळचा सोनाडीहचा कारखाना होता. २००१ मध्ये रेमंडचा सिमेंट व्यवसाय, म्हणजे अरसमेटाचा कारखानाही तिच्याकडे आला. २०१६ मध्ये कंपनीने भारतातला आपला व्यवसाय निरमा समूहाला विकला. इकडे नागपूरच्या मिहानमध्ये दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ यांनी २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी आपल्या देशात यावेत, असे उद्दिष्ट जाहीर केले. तेव्हा आज ना उद्या हा प्रश्न आपल्याही घरी येऊ शकतो.

समजा, बीरगावातल्या एका मराठी घरातली मुलगी लियाँ शहरात दोन वर्षे शिकायला निघाली आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी. फ्रेंच ती इंग्रजीच्या आधाराने शिकली आहे. घोटाळ्याचे मूळ इथेच आहे.

‘पाहिजे’, ‘लागतं’ आणि ‘आहे’

इंग्रजीत ‘मस्ट’ म्हटले की काम झाले, असे आपल्याला शाळेत वाटते. पण मराठी माणूस कर्तव्याबद्दल एका शब्दात कधीच बोलत नाही. ‘मला जायचं आहे’, ‘मला जायला हवं’, ‘मला जावं लागेल’, ‘मला गेलंच पाहिजे’ ही चार वाक्ये घ्या. पहिल्यात बेत ठरलेला आहे. दुसऱ्यात मनाची टोचणी आहे. तिसऱ्यात परिस्थितीने हात धरून ओढले आहे, आणि चौथ्यात सुटकाच नाही. आजीपासून नातवापर्यंत कोणीही या चारांत गफलत करत नाही.

फ्रेंचमध्येही अशाच छटा आहेत. सगळ्यांत जास्त कानावर पडतो तो ‘इल फो’. ‘इल फो पार्तीर’ म्हणजे ‘निघायला पाहिजे’. कोणी निघायचे, ते वाक्यात नाही. मराठीतही ‘निघायला पाहिजे’ म्हणताना आपण कर्ता सांगत नाही, आणि तरीही सगळे उठून उभे राहतात. ‘इल फो’ हे शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आले, त्याचा अर्थ उणे पडणे, चुकणे असा होता. आपले ‘पाहिजे’ हेही मुळात ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने रूप आहे. ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधले जाते, ते ‘पाहिजे’. दोन्ही भाषांनी गरज सांगताना माणसाला बाजूला ठेवले आहे.

दुसरा शब्द ‘द्वा’. ‘झ द्वा पार्तीर’ म्हणजे ‘मला निघायला हवं’. इथे बोलणारा जबाबदारी स्वतःवर घेतो. या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, देणे असणे. ‘झ त द्वा’ म्हणून पुढे रक्कम सांगितली की अर्थ होतो, ‘मी तुझे इतके देणे लागते’. इंग्रजीच्या वाटेने शिकणाऱ्याला ही जोडी विचित्र वाटते. मराठी मुलीला वाटू नये, कारण ‘जावं लागतं’ आणि ‘देणं लागतो’ यांत एकच ‘लागणे’ आहे. कर्तव्य आणि कर्ज यांचे नाते आपल्या भाषेने कधीच जोडून ठेवले आहे.

याच क्रियापदाचा तिसरा अर्थ अंदाजाचा. फ्रेंच मैत्रीण म्हणते, ‘इल द्वा एत्र आँ रतार’. शब्दशः पाहिले तर ‘त्याने उशीर केलाच पाहिजे’ असे वाटेल. खरा अर्थ आहे, ‘त्याला उशीर झाला असावा’. आता ‘त्याने यावे’ आणि ‘तो आला असावा’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात अपेक्षा, दुसऱ्यात अंदाज. आणि दोन्हींत क्रियापदाचे रूप ‘-वा, -वे’ याच साच्यातले. म्हणजे ही युक्तीही आपल्या घरचीच.

तिसरा शब्द ‘ओब्लिझे’. ‘ओं ने ओब्लिझे’ म्हणजे ‘बांधील आहोत, सक्ती आहे’. याच्या मुळाशी बांधणे ही क्रिया आहे, जशी आपल्या ‘बंधनकारक’ या शब्दात आहे. नियम, कायदा, अर्जातली अट यांच्याबद्दल बोलताना हा शब्द येतो. सूचनाफलकावर त्याचाच भाऊ दिसतो, ‘ओब्लिगात्वार’, म्हणजे ‘सक्तीचे’.

आणि सल्ला द्यायचा असेल तर ‘इल फो’चे मवाळ रूप ‘इल फोद्रे’ येते. मराठीत आपण ‘जायला हवं’ याऐवजी ‘गेलेलं बरं’ म्हणतो, तसे. वरिष्ठांनी ‘इल फोद्रे’ म्हटले म्हणून ते ऐच्छिक आहे, असे मात्र समजू नये. आपल्याकडेही सासूबाईंनी ‘केलेलं बरं’ म्हटले, तर ते करायचेच असते.

जिथे पाय घसरतो

सगळ्यांत धोक्याची जागा नकाराची आहे. लियाँच्या स्थानकावर आपली ही मुलगी रात्री उतरणार आहे. ज्यांच्याकडे ती खोली घेऊन राहणार आहे, त्या वयस्क बाई निरोप पाठवतात की मी गाडी घेऊन स्थानकावर येते. मुलीला संकोच वाटतो. तिला म्हणायचे आहे, ‘तुम्ही यायची गरज नाही.’ ती मनात इंग्रजीतून उलथापालथ करते आणि लिहून टाकते, ‘इल न फो पा व्हनीर’.

याचा अर्थ होतो, ‘येऊ नये.’ म्हणजे जवळजवळ ‘येऊ नका’ असे बजावणेच. मदतीचा हात पुढे करणाऱ्या बाईंना वाटणार, मुलीला आपण नकोसे झालो. मुलीला कळणारसुद्धा नाही की पहिल्याच दिवशी दारात गारवा का आला.

हीच मुलगी मराठीतून विचार करती, तर वाचली असती. कारण आपल्याकडे या दोन नकारांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत. ‘येऊ नये’ ही मनाई. ‘यायची गरज नाही’ किंवा ‘यायलाच पाहिजे असं नाही’ ही मोकळीक. फ्रेंचमध्ये ‘इल न फो पा’ म्हणजे ‘नये’, आणि ‘व्हू न द्व्हे पा’ म्हणजे ‘तुम्ही करता कामा नये’. मोकळीक द्यायची असेल तर ‘व्हू नेत पा ओब्लिझे’, म्हणजे ‘तुमच्यावर बंधन नाही’. घरगुती बोलण्यात ‘स ने पा ला पेन’, म्हणजे ‘कशाला उगाच त्रास’.

बोलताना फ्रेंच माणसे शब्द गिळतात, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘इल न फो पा’चे रोजच्या बोलण्यात नुसते ‘फो पा’ उरते. स्वयंपाकघरात, कार्यशाळेत, बसमध्ये कोणी पटकन ‘फो पा!’ म्हणाले, तर हात मागे घ्यावा. ते ‘नको, नको करू!’ आहे.

नियम एका ओळीत सांगायचा तर असा : फ्रेंच नकार बोलण्याआधी मनात विचारावे, मला ‘नये’ म्हणायचे आहे की ‘गरज नाही’?

मॉरिशसच्या मराठी घरात

फ्रेंच आणि मराठी एकाच छपराखाली नांदल्याचे उदाहरण शोधायला युरोपात जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून अनेक कुटुंबे मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आज मराठी म्हणून ओळख सांगतात, गणेशोत्सव करतात, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलीही जाते. पण बाजारात, बसमध्ये, घरातही त्यांची रोजची बोली आहे क्रिओल, जी फ्रेंचपासून घडली.

या क्रिओलमध्ये ‘मला जायला पाहिजे’ हे ‘मो बिझिन आले’ असे म्हणतात. ‘बिझिन’ हा शब्द फ्रेंचमधल्या ‘बझ्वें’पासून आला, ज्याचा अर्थ ‘गरज’. म्हणजे मळ्यावर जमलेल्या निरनिराळ्या भाषांच्या माणसांनी फ्रेंचचे बारकावे बाजूला ठेवून ‘गरज’ हा एकच शब्द कर्तव्यासाठी उचलला. ‘पा बिझिन’ म्हटले की ‘गरज नाही’. तिथे गोंधळ होत नाही. पण तोच मराठी तरुण फ्रान्सला गेला, तर त्यालाही ‘फो पा’ आणि ‘गरज नाही’ यांतला फरक नव्याने सांभाळावा लागतो. शब्द ओळखीचा असला तरी त्याचे वजन प्रत्येक गावी वेगळे असते.

आधी नमस्कार, मग प्रश्न

प्रश्न कसा विचारायचा, हे शब्दांइतकेच महत्त्वाचे आहे. आपण बसस्थानकावर खिडकीशी जाऊन थेट विचारतो, ‘नागपूरची गाडी किती वाजता?’ त्यात उद्धटपणा नसतो. फ्रान्समध्ये मात्र ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय विचारलेला कोणताही प्रश्न तिरसट वाटतो. दुकानदार, बसचालक, कार्यालयातला कारकून, डॉक्टरांकडची मदतनीस, सर्वांना आधी ‘बोंझूर’. त्यानंतर ‘सिल व्हू प्ले’ म्हणजे ‘कृपया’. अनोळखी आणि वडीलधाऱ्या माणसांना ‘व्हू’, म्हणजे ‘तुम्ही’. मित्रांना ‘त्यु’, म्हणजे ‘तू’. ‘अहो-जाहो’त वाढलेल्या मुलीला हे वेगळे शिकवायला नको.

प्रश्नाची रचना तर रायपूरच्या मुलांना जास्तच सोपी जावी. ‘एस क’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवले की विधानाचा प्रश्न होतो, जसा हिंदीत आरंभी ‘क्या’ ठेवून होतो. मराठीत आपण ‘का’ शेवटी ठेवतो. म्हणजे फ्रेंच अर्थ मराठीतून घ्यावा आणि मांडणी हिंदीतून. दोन भाषांच्या घरात वाढल्याचा हा फायदाच म्हणायचा.

नेहमी लागणारे काही प्रश्न पाठ करून ठेवावेत. उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत, पण कानाला ओळख होण्यापुरते हे पुरे :

‘फो-तिल पेये दाव्हाँस?’ – आगाऊ पैसे द्यावे लागतात का?

‘एस क झ द्वा सिन्ये?’ – मला सही करायची आहे का?

‘से ओब्लिगात्वार?’ – हे सक्तीचे आहे का?

‘एस कों ने ओब्लिझे द रेस्ते?’ – थांबायलाच हवे का?

‘आ केल अर फो-तिल आरिव्हे?’ – किती वाजता पोहोचायला हवे?

चौथ्या प्रश्नाबाबत सावध राहावे. यजमानांना किंवा प्राध्यापकांना ‘थांबायलाच हवे का?’ असे विचारले, तर कंटाळा आल्याचा वास येतो. मराठीतही त्या ‘च’ने तोच घोटाळा होतो. तिथे ‘फो-तिल रेस्ते?’, म्हणजे ‘थांबायला हवे का?’ एवढेच विचारावे.

सव्वा, साडे, पावणे

आता घड्याळाकडे वळू. इथे तर मराठी मुलीचे माहेरच आहे. फ्रेंच माणूस सव्वाआठला ‘आठ आणि पाव’ म्हणतो, साडेआठला ‘आठ आणि अर्धा’, आणि पावणेनऊला ‘नऊ उणे पाव’. आपला ‘पावणे’ हा शब्द ‘पादोन’ या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे पाद उणे, एक चतुर्थांश कमी. दोन्हीकडे गणित एकच.

गाड्यांची वेळापत्रके, कार्यालये, दवाखाने आणि चित्रपटगृहे मात्र चोवीस तासांचे घड्याळ वापरतात. रात्रीचे आठ म्हणजे ‘व्हें तर’, वीस वाजता. रेल्वेचे तिकीट पाहायची सवय असलेल्या घराला हेही नवीन नाही. गोंधळ होतो तो तोंडी निरोपात. ‘सहाला भेटू’ असे मैत्रीण म्हणाली तर ते संध्याकाळचे सहा, पण लेखी निरोपात संध्याकाळ ‘१८’ या आकड्याने येईल.

आठवड्याचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. हिंदीत आपण ‘हफ्ता’ म्हणतो. तो फारसी शब्द ‘सात’ या आकड्यावरून आला. मराठीत म्हणतो ‘आठवडा’, आणि ‘आठ दिवसांनी ये’ असे सांगतो तेव्हा आपल्याला आठवा नव्हे, तर पुढचा तोच वार अभिप्रेत असतो. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोके धरून मोजले की आठ भरतात. फ्रेंच माणूसही नेमके हेच करतो. ‘दाँ ह्वी झूर’, आठ दिवसांत, म्हणजे एका आठवड्याने. ‘कँझ झूर’, पंधरा दिवस, म्हणजे आपला पंधरवडा. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे बोटे मोजत बसतो आणि एखाद्या दिवसाने चुकतो. मराठी मुलीने आपल्या आईचे ऐकावे, बस्स.

एका शब्दाशी मात्र जपून. ‘तूतालर’ याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ असाही होतो आणि ‘मघाशी’ असाही. ‘कल’ म्हणजे उद्या की काल, हे हिंदीत जसे क्रियापदावरून ओळखतो, तसेच इथे करावे लागते. त्यातच ‘आ लर’ हे शब्द लपलेले आहेत. ते सुटे आले तर अर्थ ‘वेळेवर’. त्याचे दोन शेजारी असे : ‘आँ रतार’ म्हणजे उशिरा आणि ‘आँ नाव्हाँस’ म्हणजे वेळेआधी.

पंधरा मिनिटांचे सौजन्य

‘वेळ पाळणे हे राजांचे सौजन्य’ असे एक वाक्य फ्रान्सच्या अठराव्या लुई राजाच्या नावावर सांगितले जाते. आणि त्याच फ्रान्समध्ये ‘सौजन्याचा पाव तास’ नावाची प्रथा आहे. कुणी घरी रात्री आठला जेवायला बोलावले, तर आठच्या ठोक्याला दार वाजवू नये. आठनंतर दहा-पंधरा मिनिटांनी जावे. यजमानीणबाईंना शेवटची आवराआवर करायला, केस नीट करायला वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार. पाच मिनिटे आधी पोहोचणे हे उशिरा पोहोचण्यापेक्षाही अवघड करून सोडते.

पण हा पाव तास ताणायचा नसतो. साडेआठ झाले तर फोन करायला हवा. आपल्याकडच्या स्वागत समारंभाचे घड्याळ तिथे लावले आणि साडेनऊला उगवले, तर जेवण निवलेले असेल आणि संबंधही. तिथे जेवण ताटात एकदम वाढले जात नाही, एकामागून एक पदार्थ येतात आणि सगळे एकत्र बसतात. एक खुर्ची रिकामी असेल तर सारी पंगत थांबते.

रेल्वेचे घड्याळ अगदी वेगळे. तिथल्या वेगवान गाडीचे दरवाजे सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटे बंद होतात. तिकिटावरची वेळ ही गाडी हलण्याची, चढण्याची नव्हे. डॉक्टरांची वेळ, बँकेची वेळ, राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कार्यालयात दिलेली वेळ, परीक्षा, नोकरीची मुलाखत, इथे पाच-दहा मिनिटे आधी पोहोचावे. सरकारी कार्यालयातली वेळ चुकली तर नवी मिळायला बरेच दिवस लागू शकतात आणि परवान्याची मुदत तोवर थांबत नाही. हा उशीर महागात पडतो.

गंमत म्हणजे खुद्द फ्रेंच रेल्वेनेही एके काळी प्रवाशांना सवलत दिली होती. स्थानकाच्या बाहेरचे घड्याळ पॅरिसची वेळ दाखवी, आणि आत फलाटावरचे घड्याळ मुद्दाम पाच मिनिटे मागे ठेवलेले असे. धावत येणाऱ्याला गाडी मिळावी म्हणून. १९११ मध्ये ही व्यवस्था संपली. त्याच वर्षी फ्रान्सने ग्रिनिच वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रिनिचचे नाव घेतले नाही. ‘पॅरिसची वेळ, नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे’ असे लिहिले.

हसण्याआधी आपली मुंबई आठवावी. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाण वेळ लागू झाली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. वेळ ही नुसती काट्यांची गोष्ट नसते, तिच्यात गावाचा अभिमान असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या गावी गेल्यावर ‘इथे कोणते घड्याळ चालते?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

हे विचारण्याची रीत सोपी आहे. बोलावणाऱ्यालाच हसून म्हणावे, ‘आ ह्वित अर पील?’ म्हणजे ‘ठोक आठला?’ समोरचा ‘व्हेर ह्वित अर’ म्हणाला, तर ‘आठच्या सुमारास’. तेव्हा सव्वाआठ बिनघोर धरावेत. ‘पील’ म्हणाला, तर ‘ठोक’ म्हणजे ठोकच.

उशीर झालाच तर

गाडी चुकते, पाऊस येतो, रस्ता सापडत नाही. उशीर झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. न कळवणे मात्र खटकते. ‘झोरे दी मिन्युत द रतार’, म्हणजे ‘मला दहा मिनिटे उशीर होईल’, हे वाक्य मोबाइलमध्ये लिहूनच ठेवावे. दहाऐवजी खरा आकडा सांगावा. ‘निघालेच, पोहोचतेच आहे’ असे घरातून सांगायची आपली सवय तिथे उपयोगाची नाही. समोरचा त्या शब्दावर भात शिजायला टाकतो.

पोहोचल्यावर ‘देझोले’, म्हणजे ‘माफ करा’, आणि कारण एका वाक्यात. लांबलचक कहाणी सांगू नये. ती ऐकण्यात आणखी उशीर होतो.

आईवडिलांनी काय करावे?

मुंबई, पुणे, भोपाळ अशा शहरांत आलियाँस फ्रान्सेज या संस्थेचे वर्ग आहेत. त्यांपैकी मुंबईचे केंद्र १९३८ पासूनचे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘देल्फ’ या परीक्षेच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवरही वेळ ठरवणे, आमंत्रण स्वीकारणे, नाकारणे, नियम विचारणे हेच रोजचे व्यवहार तपासतात. वर्ग जरूर लावावा. पण घरीही बरेच करता येते.

मुलीला मराठीतली वाक्ये द्या आणि फ्रेंचमध्ये विचारायला लावा. ‘उद्या यायलाच हवं का?’, ‘यायची गरज नाही’, ‘येऊ नये’, ‘आलेलं बरं’. ही चार वाक्ये ती न अडखळता वेगवेगळी म्हणू लागली, तर अर्धी लढाई जिंकली. मग वेळेची : सव्वा, साडे, पावणे, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी.

यात आणखी एक गोष्ट साधेल. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत मराठी अजून कानावर पडते. पण नव्या पिढीच्या तोंडी ‘मेरे को जाना है’ आधी येते. मराठी शिकून पोटापाण्याला काय उपयोग, असे मुले विचारतात आणि आईवडिलांना लगेच उत्तर सुचत नाही. एक उत्तर हे घ्या. ‘नये’ आणि ‘गरज नाही’ यांतला फरक ज्या मुलीला आजीच्या बोलण्यातून कळला, तिला लियाँमधल्या घरमालकीणबाईंचे मन नकळत दुखवण्याची भीती नाही. आणि ‘आठ दिवसांनी’ म्हणजे कोणता वार, हे तिला कोणत्याही शब्दकोशात पाहावे लागणार नाही.

तेव्हा सामानात लोणच्याची बरणी भरताना तिच्याकडून ही उजळणीही करून घ्या. लोणचे दोन महिन्यांत संपेल, घरचे शब्द दोन्ही वर्षे पुरतील.